आधी वही, मग पुस्तक, मग माणूस : मनातली अढी काढण्याचा क्रम

एखाद्या समाजाबद्दल मनात अढी आहे हे कळल्यावर लोक मोठ्या उत्साहानं एखादं गाजलेलं पुस्तक वाचतात. त्याच आठवड्यात त्या समाजातल्या ओळखीच्या माणसाला गाठून विचारतात, "तुमच्यात असं असतं ना हो?" समोरचा हसून वेळ मारून नेतो. मग निष्कर्ष निघतो : "ते लोक मोकळं बोलतच नाहीत." एक पूर्वग्रह घालवायला गेलेला माणूस दोन घेऊन परत येतो.

हेतू चांगला असूनही गडबड होते ती क्रमात. खाली तो क्रम दिला आहे. पूर्ण व्हायला साधारण तीन महिने लागतात. त्यातले दोन वाचनात जातात आणि ते जाऊ द्यावेत.

## सुरुवात करण्याआधी

एक वही लागेल. मोबाइलवर लिहू नका. यातली काही वाक्यं चुकून दुसऱ्याच्या नजरेस पडली तर पंचाईत होईल.

समूह एकच निवडा, आणि तोही रोजच्या जगण्यात ज्याच्याशी तुमचा संबंध येतो असा : कामाच्या ठिकाणी, इमारतीत, मुलांच्या शाळेत. जिथला माणूस कधी भेटणारच नाही अशा दूरच्या देशाबद्दल उदार होणं फार सोपं असतं.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. एखादी प्रथा न पटणं म्हणजे पूर्वग्रह नव्हे. प्रथा माहीत करून घेऊन तिला विरोध करता येतो, आणि त्या समाजातली कितीतरी माणसंही तो करत असतात. माणूस ओळखीचा व्हायच्या आतच त्याच्याबद्दल निकाल देऊन टाकणं, हा पूर्वग्रह. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की लोक एक तर सगळ्यालाच माना डोलवू लागतात, नाहीतर "माझा तर फक्त वैचारिक विरोध आहे" असं म्हणून सुटका करून घेतात.

इशारा : त्या समूहातल्या कुणी तुम्हाला प्रत्यक्ष इजा केली असेल, जवळचं माणूस हिरावलं असेल, तर हा लेख त्या जखमेवरचा उपाय नाही. तिथे आधी स्वतःला सावरणं महत्त्वाचं.

## पायरी १ : मनातली वाक्यं कागदावर उतरवा

वहीत त्या समूहाबद्दलची दहा-पंधरा वाक्यं लिहा. सभ्य करून लिहू नका. मनात जशी येतात तशीच : "ते लोक फार मोठ्यानं बोलतात", "त्यांना वेळेची किंमत नसते", "बाहेरच्याला कधी जवळ करत नाहीत".

बरेच जण ही पायरी गाळतात, कारण लिहायची लाज वाटते. "असा विचार करायचाच नाही" असं ठरवणं जास्त बरं वाटतं. पण विचार दाबल्यानं जात नाही. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. मुंडण केलेल्या, दांडगाईसाठी बदनाम असलेल्या 'स्किनहेड' टोळक्यांतल्या तरुणाचा फोटो दाखवून त्याच्या एका दिवसाचं वर्णन लिहायला सांगितलं. काहींना बजावलं होतं की ठोकळेबाज कल्पना वापरायच्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदा त्या टाळल्याही. पण नंतर दुसऱ्या फोटोबद्दल लिहिताना बंधन काढून घेतलं, तेव्हा याच मंडळींच्या लिखाणात त्या कल्पना इतरांपेक्षा जास्त उतरल्या. पुढच्या प्रयोगात अशी माणसं त्या तरुणाचं सामान ठेवलेल्या खुर्चीपासून अधिक लांबही बसली. म्हणून लिहा.

प्रत्येक वाक्यापुढे चार रकाने आखा :

१. हे मला कुठून कळलं? (घर, सिनेमा, बातमी, स्वतःचा अनुभव)
२. असं वागणारी किती माणसं मी स्वतः पाहिली? आकडा लिहा.
३. तसं न वागणारी किती पाहिली?
४. माझ्या माणसांपैकी कुणी हेच केलं तर मी त्याला काय म्हणतो?

चौथा रकाना सगळ्यात जास्त टोचतो. आपला माणूस उशिरा आला तर "अडकला असेल बिचारा", त्यांचा आला तर "तसलेच ते". सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ साली ही खोड नोंदवली : परक्या गटाचा दोष स्वभावात शोधायचा, आणि त्यांच्यातला चांगुलपणा मात्र योगायोग किंवा अपवाद म्हणून बाजूला सारायचा.

उशिराचंच उदाहरण शेवटपर्यंत बरोबर घेऊ. रकाने भरल्यावर बहुधा असं दिसेल : कळलं घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून, स्वतः पाहिली माणसं दोन, वेळेवर येणारी मोजलीच नव्हती. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात ते ठीकच आहे, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. माणसांचं तसं नसतं.

तपासा : यादीत गोड वाक्यं आली आहेत का? "फार मायाळू", "साधेभोळे", "रक्तातच संगीत असतं त्यांच्या". कौतुकाचा असला तरी शिक्का तो शिक्काच. एकही गोड वाक्य नसेल तर यादी अर्धीच झाली आहे.

## पायरी २ : पुस्तकं निवडा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "त्यांच्याबद्दलचं" पुस्तक घेतलं जातं आणि "त्यांचं" पुस्तक राहून जातं. बाहेरून आलेल्या प्रवाशाचं वर्णन वाचायला रंजक असतं, कारण तो आपल्याच डोळ्यांनी पाहत असतो. नेमकी तीच अडचण आहे.

चार पुस्तकं निवडा, आणि शक्यतो याच क्रमानं वाचा.

पहिलं : आतून लिहिलेली कादंबरी किंवा कथासंग्रह. लेखक त्या समाजात वाढलेला हवा, आणि शक्य असेल तर मूळ पुस्तक त्याच समाजाच्या भाषेत लिहिलेलं असावं. अनुवाद चालेल. कुणासाठी लिहिलंय हे ओळखायची एक खूण आहे. पानोपानी रीतिरिवाज समजावून सांगितले असतील तर लेखकाच्या डोळ्यांसमोर बाहेरचा वाचक होता. स्वतःच्या माणसांसाठी लिहिणारा असा थांबत नाही. तिथे तुम्हाला चार गोष्टी कळणार नाहीत. तसंच वाचा.

दुसरं : त्या समाजाच्या कडेला असलेल्या कुणाचं आत्मकथन. बाई, गरीब, त्या समाजातही ज्याला मान नाही असा कुणी. प्रत्येक समाजाला स्वतःचे वरचे-खालचे असतात. हे कळलं की "ते लोक" या शब्दाचे आपोआप तुकडे पडतात.

तिसरं : कोरडा इतिहास. हे टाळण्याकडे कल असतो. पण स्वभाव म्हणून आपण जे धरून बसतो ते पुष्कळदा परिस्थितीतून आलेलं असतं : कोणता धंदा करू दिला, कुठे राहू दिलं, कुणी कुणाला हाकललं.

चौथं : विनोदी काहीतरी. तो समाज स्वतःवर कसा हसतो ते पाहा. मला विचाराल तर पहिली तीन वाचून जे हाती लागत नाही ते इथे सापडतं. माणसं स्वतःच्या कोणत्या खोडीवर हसतात आणि कोणत्या खोडीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, दोन्ही बोलकं असतं.

विकत किंवा वाचनालयातून घेण्याआधी एक चाचणी करा. पुस्तक चाळून पाहा : त्या समाजातली दोन माणसं एकमेकांशी वाद घालताना दिसतात का? सगळे एका सुरात बोलत असतील, सगळेच सोसणारे किंवा सगळेच थोर असतील, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

इशारा : समाज सोडून गेलेल्या, चिडलेल्या लेखकाचं पुस्तक एकटं वाचू नका. ते खरंही असू शकतं. पण अढी असलेल्या वाचकाला त्यातून स्वतःच्या यादीवर सही-शिक्का मिळतो, आणि तो तिथेच थांबतो.

तपासा : पुस्तक कधी लिहिलंय? साठ वर्षांपूर्वीची कादंबरी वाचून आजच्या माणसाला ओळखायला जाल तर समोरचा चक्रावेल. तुमच्या आजोबांच्या काळातल्या कथेवरून कुणी तुम्हाला ओळखू म्हटलं तर कसं वाटेल?

## पायरी ३ : वाचताना खुणा करा

तीनच खुणा पुरतात : 'आमच्यातही आहे', 'कळलं नाही', 'पटलं नाही'. प्रत्येक पुस्तकात तिन्ही हव्यात.

फक्त पहिलीच खूण भरत गेली तर सावध व्हा. "शेवटी माणसं सगळीकडे सारखीच" हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते आळशी माणसाचं आहे. फरक असतात. ते नीट पाहायचा कंटाळा आला की आपण असं म्हणून पुस्तक मिटतो.

'कळलं नाही' या खुणांमधूनच पुढे बोलायचे प्रश्न निघतील. 'पटलं नाही' तिथे एक ओळ लिहा : का पटलं नाही, आणि या पुस्तकातल्याच कुणाला तरी ते पटलेलं नाही का?

वाचनातून मुळातली समजूत किती हलू शकते याचा एक नमुना. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन यांनी शहरांचा वेग मोजला होता : माणसं किती भराभर चालतात, टपाल कचेरीत तिकीट मिळायला किती वेळ लागतो, सार्वजनिक घड्याळं किती बरोबर असतात. त्यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१ देश होते, आणि स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी वरच्या क्रमांकांवर आले. इथवर वाचून कुणी म्हणेल, बघा, देशादेशाचा स्वभाव असतोच. पण त्यांनीच त्याआधी अमेरिकेतली ३६ शहरंही अशीच मोजली होती. मापं जरा वेगळी होती, पण एकाच देशात बॉस्टन पहिलं आलं आणि लॉस एंजेलिस शेवटचं. अशी जोडी सापडली की "वेळेची किंमत" या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह घाला.

चार पुस्तकं झाली की थोडा अहंकार येतो. आता आपल्याला ते लोक कळले असं वाटू लागतं. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो यांचा एक अभ्यास गाजला : साहित्यिक कथा वाचल्यानं दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते. नंतर इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. २०१८ साली ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २५ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातलं ओळखायला सांगितलं तर अचूकता वाढत नव्हती, कधीकधी आत्मविश्वास मात्र वाढत होता. अचूकता वाढली ती सरळ त्या माणसाशी बोलल्यावर.

म्हणून पुस्तकावर थांबायचं नाही. पण मग पुस्तक आधी कशाला? कारण बाळबोध प्रश्नांचा भार समोरच्यावर पडू नये. "तुमच्याकडे अमुक असतं म्हणजे काय?" हे त्या माणसानं आयुष्यात शंभर वेळा सांगितलेलं असतं. एकशे एकावी वेळ तुम्ही आणू नका.

## पायरी ४ : माणूस कुठे भेटावा

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं की दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आली म्हणून अढी जात नाही. चार गोष्टी असाव्या लागतात : दोघांचा दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, ते गाठायला एकमेकांची मदत, आणि वरिष्ठांचा किंवा संस्थेचा पाठिंबा. पुढे २००६ साली पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह सहसा कमी होतात, चारही अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी होतात, आणि त्या असल्या तर परिणाम जास्त होतो, असं त्यांना दिसलं.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. तुमच्या हाताखालचा, तुमच्याकडे कामाला असलेला, तुमच्यावर ज्याचा धंदा अवलंबून आहे असा माणूस निवडू नका. तो "नाही" म्हणू शकत नाही. त्याची उत्तरं गोड असतील आणि उपयोगाची नसतील.

गप्पांसाठी माणूस शोधण्यापेक्षा एकत्र करायचं काम शोधा. वाचनगट, सोसायटीची समिती, खेळाचा संघ, भाषा शिकण्याची देवघेव : तू मला तुझी शिकव, मी तुला माझी. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी शाळेच्या वर्गात हीच युक्ती वापरली. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकेक तुकडा दिला, बाकीचा इतरांकडून घ्यायचा. नावडत्या मुलाचं बोलणं नीट ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना.

'मानवी ग्रंथालय' हा उपक्रम २००० साली डेन्मार्कमध्ये सुरू झाला आणि आता अनेक देशांत चालतो. तिथे पुस्तकाऐवजी माणूस 'वाचायला' मिळतो. अशी सोय जवळपास असेल तर तिथूनच सुरुवात करा. तिथला माणूस प्रश्न ऐकायला आपण होऊन बसलेला असतो. तुमच्या शेजाऱ्यानं असं काही कबूल केलेलं नाही, हा फरक ध्यानात असू द्या.

## पायरी ५ : बोलणं

पहिल्या दोन-तीन भेटींत समाजाचा विषयच काढू नका. कामाचं बोला, पावसाचं बोला. त्या माणसाचं नाव नीट उच्चारायला शिका. नाव चुकीचं उच्चारत त्याच्या संस्कृतीबद्दल विचारणं हास्यास्पद दिसतं.

मग परवानगी घ्या : "मी सध्या अमुक वाचतोय. त्यातलं एक कळलं नाही. विचारलं तर चालेल का? नको असेल तर राहू दे." हे शेवटचं वाक्य खरोखर मनापासून म्हणा.

प्रश्नाची घडण अशी बदला :

- "तुमच्यात असं का करतात?" याऐवजी "तुमच्या घरी हे कसं व्हायचं?"
- "हे खरं आहे का हो की तुम्ही लोक…" याऐवजी "मी असं वाचलं. तुमच्या अनुभवाशी जुळतं का?"
- "तुम्हाला राग नाही येत?" याऐवजी "तेव्हा काय झालं मग?"

मराठीत एक खास सापळा आहे : 'आमच्यात' आणि 'तुमच्यात'. हे दोन शब्द आले की समोर माणूस उरत नाही, प्रतिनिधी बसतो. 'घरी', 'लहानपणी', 'तुझ्या आईकडे' हे शब्द वापरले की माणूस परत येतो. उलट टोकाला 'आपण' हा शब्दही उगाच लवकर वापरू नका. "आपण सगळे एकच" असं घाईनं म्हणणाऱ्याला त्यांच्या वेगळेपणाचं ओझं वाटतंय की काय, अशी शंका येते.

आधी द्या, मग मागा. स्वतःच्या घरातली एखादी अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्या घरातली विचारू नका. प्रश्नांचीच सरबत्ती झाली तर ती चौकशी होते.

उत्तर आल्यावर लगेच बोलू नका. मनात पाच आकडे मोजा. पुष्कळदा खरं उत्तर त्या शांततेनंतर येतं.

इशारा : "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस" हे वाक्य कधीही नको. आपल्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं की बाकीच्यांबद्दलचं तुमचं मत जसंच्या तसं आहे आणि त्याला फक्त अपवादाच्या कप्प्यात टाकलंय.

इशारा : ती व्यक्ती स्वतःच्या समाजावर टीका करू लागली तर उत्साहानं मान डोलवू नका. घरातलं भांडण घरच्यांनी करायचं असतं. पाहुण्यानं ऐकायचं, आणि बाहेर जाऊन "त्यांच्यातलाच एक जण म्हणत होता" असं तर मुळीच सांगायचं नाही.

उलटंही घडेल. त्यांच्या मनातही तुमच्याबद्दल काही असेल आणि ते तोंडातून निघेल. लगेच वकिली सुरू करू नका. "असा कोण भेटला होता तुम्हाला?" एवढंच विचारा. तुम्ही पहिल्या पायरीत भरलेला रकानाच आहे हा, फक्त आता वही त्यांची.

तुमच्याकडून चूक झाली तर एका वाक्यात माफी मागा आणि पुढे चला. "किती वाईट वाटतंय मला" हे पाच मिनिटं चाललं तर त्या बिचाऱ्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

## पायरी ६ : परत वहीकडे

चार-पाच मोकळ्या भेटींनंतर पहिली यादी उघडा. वाक्यं खोडू नका, खाली नवी लिहा.

उशिराच्या वाक्याचं समजा असं झालं. ती व्यक्ती म्हणाली, "आमच्या घरी पाहुण्याला सांगितलेल्या वेळेआधी येणं म्हणजे घरातल्यांची पंचाईत, म्हणून सगळे थोडे मागाहून येतात. कामावर मात्र बाबा कायम दहा मिनिटं आधी." मग वहीत नवं वाक्य येईल : "मला भेटलेल्या दोघांनी घरगुती भेटीला उशीर केला. एका घरात तसं करणं सभ्यपणाचं मानतात. बाकी घरांचं मला माहीत नाही." वाक्य लांबलं, त्यात आकडा आला, 'माहीत नाही' आलं. सुधारणा ओळखायची ती अशी.

काही वाक्यं तशीच राहतील. खोटं खोटं बदलू नका, तारीख टाकून ठेवा.

मधेच एखादा वाईट अनुभवही येईल. फिओना बार्लो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की वाईट भेटीचा अढीशी असलेला संबंध चांगल्या भेटीपेक्षा घट्ट असू शकतो. म्हणून तोही रकान्यात नोंदवा, आणि आकडा लिहा : एक.

शेवटी त्या व्यक्तीलाच विचारा : "तुमच्या मते मी काय वाचावं?" पुष्कळदा तुमच्या चारही पुस्तकांची नावं ऐकून ती हसेल आणि पाचवंच काहीतरी सांगेल. ते वाचा.

## पायरी ७ : आपल्याच माणसांत

ही पायरी ऐच्छिक आहे, पण बहुतेकांची इथे फजिती होते. नवं कळलेलं घेऊन माणूस घरी येतो आणि जेवताना काकांना आकडेवारी ऐकवतो. काका आणखी घट्ट होतात.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ साली मायामीतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरोघरी जाऊन पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींबद्दल साधारण दहा मिनिटं बोलायचं. वाद घालायचा नाही, दोष द्यायचा नाही. समोरच्याला कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं होतं का, ते विचारायचं आणि ऐकायचं. त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही दिसला.

घरात हेच करायचं. "काका, नवीन गावी बदली झाली तेव्हा लोक तुमच्याशी कसे वागले होते हो?" उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मग तुमच्या ओळखीच्या माणसाची एक गोष्ट सांगा. एकच, आणि त्या माणसानं सांगायला हरकत नाही म्हटलेली. त्यातून धडा काढून दाखवू नका. काकांनी विषय बदलला तर बदलू द्या. त्या दिवसापुरतं तेवढंच.